माझा पायगुण आणि खेकड्याचा रस्सा

हनोईची माणसं सकाळच्या गाडीने उपाशीपोटी आमच्या हायफाँगला येतात आणि संध्याकाळच्या गाडीने पोटावर हात ठेवून परत जातात, हे आता सगळ्या देशाला ठाऊक आहे. राजधानी त्यांच्याकडे आहे, मान्य. पण तिथे धड न्याहारी मिळत असती तर ती दोन-अडीच तास गाडीत कशाला बसली असती? हा प्रश्न मी एकदा माझ्या हनोईच्या साडूला त्याच्याच घरी जेवताना विचारला होता. तेव्हापासून त्याचा फोन येत नाही.

या पाहुण्यांना स्टेशनवर एक नकाशा फुकट मिळतो. कुठल्या गल्लीत काय खावं, कुणाच्या हातचं खावं, सगळं त्यात असतं. यंदा गुलमोहराच्या उत्सवाआधी नवा नकाशा छापायचं ठरलं आणि फर्मान निघालं की प्रत्येक वॉर्डाने आपली एकच गल्ली सुचवावी, त्या गल्लीतले सात पदार्थ निवडावेत. आमच्या वॉर्डात दोन उमेदवार होते. एक आमची बेचाळीस नंबरची गल्ली आणि दुसरी साठ नंबरची. साठ नंबरबद्दल मी वाईट बोलणार नाही. तिथल्या रश्श्यात खेकडा पोहून गेलेला असतो, मुक्कामाला राहिलेला नसतो, एवढंच म्हणेन.

आमच्या गल्लीची शान म्हणजे थोममावशी. वय एकाहत्तर. गल्लीच्या तोंडाशी, गुलमोहराखाली बसून त्रेचाळीस वर्षं बान्ह दा कुआ विकते. तांदळाच्या रुंद, लालसर शेवया, वर खेकड्याचा रस्सा. मी तिच्याहून आठ वर्षांनी लहान, म्हणून साठी उलटली तरी तिच्या लेखी मी अजून 'अरे लोय'च आहे. पण गेले चार महिने पाण्याच्या पाइपासाठी तिच्या टपरीसमोर रस्ता खणून ठेवलेला. गिऱ्हाईक फळीवरून तोल सावरत येणार तरी किती? तिची मुलगी हनोईहून रोज फोन करायची, "आई, आता पुरे. उत्सव झाला की टपरी बंद कर आणि माझ्याकडे ये." मावशी हो म्हणत नव्हती, पण नाही म्हणायचंही तिने बंद केलं होतं. नकाशात नाव आलं तर ती राहील, नाही आलं तर जाईल, हे गल्लीत सगळ्यांना कळत होतं. मलाही. थोममावशी हनोईला जाऊन नातवंडांना दूध पाजणार, आणि हनोईची माणसं इथे येऊन साठ नंबरचं पाणी पिणार, या कल्पनेनेच मी वॉर्डाच्या सभेत उठून उभा राहिलो.

"चव घेऊन अहवाल लिहायचं काम मी करतो," मी म्हणालो. "तीस वर्षं बंदराच्या कचेरीत मालाच्या नोंदी केल्या. एकाही कागदावर खोटी वेळ लिहिली नाही."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. भारावून गेले असावेत.

दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात क्वेन नावाच्या कारकून मुलीने माझ्या हातात सात फॉर्म ठेवले. प्रत्येक दुकानासाठी एक. त्यात कलम चार असं होतं की तपासनीसाने दुकान उघडताच, त्या दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून चव घ्यावी आणि वेळ घालून विक्रेत्याची सही आणावी.

"पहिलंच कशाला?" मी विचारलं.

"गेल्या वेळी कुणीतरी दुपारी चारला जाऊन तळाचा गाळ चाखला आणि तक्रार केली. म्हणून वरून नियम आलाय, काका."

वरून आलेले नियम ज्यांनी कधी पहाटे उठून काही विकलं नाही अशा माणसांनी केलेले असतात. कारण बोहणी म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक हसतमुख हवं, त्याने घासाघीस करू नये, प्रश्न विचारू नयेत, खाऊन पैसे ठेवून जावं. तसं झालं तर दिवस सोन्याचा. नाही झालं तर दिवसभर माश्या मारा. त्यातून चांद्र महिन्याची प्रतिपदा असेल तर अख्खा महिना त्या एका गिऱ्हाइकावर. हे सगळं मला माहीत होतं. पण ते इतर गिऱ्हाइकांबद्दल आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

मी शुभारंभ प्रतिपदेलाच केला. कामाची सुरुवात महिन्याच्या सुरुवातीला करावी ही कचेरीची सवय. पहाटे साडेपाचला थोममावशीसमोर बसलो, वही उघडली आणि विचारलं, "एका पातेल्याला खेकडे किती? नगावर की वजनावर? खाडीतले की शेतातले?" मावशी तोंडाकडे बघत राहिली. मग दोन चमचे रस्सा आणि तीन शेवया चाखून मी उठलो. सहा दुकानं बाकी होती, पोट एकच. सही दुसऱ्या फेरीत घेऊ म्हटलं. निष्पक्ष तपासणी एका चवीवर होत नसते.

त्या दिवशी मावशीकडे सहा गिऱ्हाइकं आली. त्यातलं एक सुटे पैसे मागायला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेलो. पुन्हा दोन चमचे, चार प्रश्न. उठून वीस पावलं चाललो असेन, तोच मागे जळल्याचा वास. वळून बघतो तर मावशीच्या टपरीत जाळ! कर्तव्य म्हणजे कर्तव्य. मी मागे धावलो, समोर दिसली ती बादली उचलली आणि ओतली. बादली भांडी विसळायची होती. पाणी शेगडीवर पडलं हे खरं, पण सगळंच शेगडीवर पडलं असं म्हणता येणार नाही.

"लोय! मेल्या!" मावशीच्या हातात अर्धवट जळलेलं वर्तमानपत्र होतं. "काल गिऱ्हाइकं बुडवलीस, आज रस्सा बुडवलास!"

"पण मावशी, आग..."

"आग कसली? तुझी पीडा जाळत होते!"

अपशकुनी गिऱ्हाईक गेलं की कागद पेटवून टपरीभोवती फिरवायचा, ही आमच्याकडची रीत आहे. मी स्वतः ती लहानपणापासून पाहिली आहे. फक्त कागदाच्या या बाजूने कधी पाहिली नव्हती.

घरी येऊन मी बायकोला, हिएनला, सगळं सांगितलं. वाटलं, संतापेल, मावशीला चार शब्द सुनवायला जाईल. ती शेंगा सोलत राहिली.

"अहो, या गल्लीत आपल्याला एकतीस वर्षं झाली," ती म्हणाली. "नववर्षाच्या दिवशी पहिला पाहुणा म्हणून कुणी तुम्हाला कधी घरी बोलावलंय?"

"नाही. वयाचा, हुद्द्याचा मान ठेवतात. मला त्रास नको म्हणून."

"बरं," हिएन म्हणाली.

त्या 'बरं'मध्ये एकतीस वर्षं होती. नववर्षाचं पहिलं पाऊल ज्याचं, अख्खं वर्ष त्याच्या पायगुणाचं. मला एकदम आठवलं की तोआन न्हाव्याला दर नववर्षाला वीस-वीस घरांतून बोलावणं असतं, सकाळपासून लोक त्याला ओढून नेतात, आणि मी खिडकीत बसून म्हणायचो, बिचाऱ्याला जरा उसंत नाही.

"आणि आपल्या घरात दर वर्षी पहिलं पाऊल भाची टाकते," मी सावकाश म्हणालो. "तूच तिला बोलावतेस. मला रात्री बारा वाजायच्या आत घरात घेऊन दार लावतेस."

"थंडी असते हो बाहेर," हिएन म्हणाली. पण शेंगांवरून नजर उचलली नाही.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. परक्यांनी पाठीमागे कागद जाळणं वेगळं आणि आपल्याच माणसाने थंडीचं निमित्त सांगणं वेगळं.

बातमी पसरायला आमच्या गल्लीत वर्तमानपत्र लागत नाही, आणि सध्या तर ते जाळायलाच पुरत नव्हतं. तिखट पाववाल्या सिउने मला लांबूनच हात जोडले. "लोयकाका, तुम्ही नऊनंतर या, मागच्या दाराने या, चार पाव फुकट घेऊन जा. पण सकाळी माझ्याकडे बघू नका." आल्याच्या पाकात तिळाचे गोळे विकणारी बाई मला पाहून झाकण लावायची. आणि सल्ले? सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणे खिशात लसूण ठेवा, कुणी म्हणे आतून लाल बनियन घाला. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी सांगितलं की पुरुषाने पेटत्या कागदावरून सात वेळा उडी मारली की पाय हलका होतो. मी सुशिक्षित माणूस आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. चौथ्या उडीला विजार पेटली.

शेवटी क्वेनकडे गेलो. म्हटलं, माझ्याऐवजी तोआनला तपासनीस करा, त्याचा पायगुण चांगला आहे.

"तुमचं नाव वर गेलंय, काका. बदलायचं तर अर्ज, दोन फोटो, तोआनकाकांचं आरोग्य प्रमाणपत्र आणि तुम्ही अपात्र का ठरलात याचं लेखी कारण."

ते कारण मी माझ्या अक्षरात लिहिणार नव्हतो.

"दिवस किती आहेत?"

"सोमवारी सकाळी आठपर्यंत सातही फॉर्म आले पाहिजेत. एक जरी कमी पडला तर साठ नंबर. त्यांचे कधीच आलेत."

त्या क्षणी माझ्यातला बंदराचा अधिकारी जागा झाला. मी कलम चार पुन्हा वाचलं. त्यात पहिली चव कुणी घ्यायची ते लिहिलं होतं. पहिला पाय कुणी टाकायचा, याबद्दल कलम गप्प होतं! मी थेट तोआनच्या दुकानात गेलो.

"पाय तुझा पहिला," मी त्याला समजावलं, "तोंड माझं पहिलं."

तोआन गोल गरगरीत आणि सदा हसरा माणूस. गिऱ्हाईक खुर्चीत अर्धं साबण लावून बसलेलं असताना तो 'चला' म्हणाला. आणि युक्ती चालली! तोआन हसत दुकानात पाऊल टाकायचा, "धंदा वाढो!" म्हणायचा, मग त्याच्या पाठीआडून मान काढून मी चव घ्यायचो, सही घ्यायचो. तिखट पाव झाला, नेम म्हणजे खेकड्याचं सारण भरून तळलेली चौकोनी गुंडाळी झाली, वाफवलेली तांदळाची वडी बान्ह बेओ झाली, नारळाची कॉफी झाली. दुपारी उघडणाऱ्या दुकानांतल्या गोगलगायी आणि तिळाचे गोळेही झाले. दोन दिवसांत सहा सह्या. प्रत्येक पदार्थावर मी दीड-दीड पान मत लिहिलं.

एकच गोष्ट हिशेबात धरली नव्हती. शुभ पायाच्या माणसाला रिकाम्या तोंडी परत पाठवणं हासुद्धा अपशकुन. त्यामुळे मी चमचाभर चाखायचो आणि तोआनला प्रत्येक जण ताट भरून वाढायचा. तो नको म्हणत नसे, त्या शब्दाची त्याला सवयच नव्हती. गोगलगायींवर तिळाचे गोळे, गोळ्यांवर तिखट पाव, त्यावर नारळाची कॉफी. शनिवारी सकाळी तो अंथरुणातून उठलाच नाही. त्याची बायको दारात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तीस वर्षं ठणठणीत होता हो! दोन दिवस त्या लोयबरोबर हिंडला आणि आडवा झाला!"

यानंतर समोरून येणारी माणसं फुटपाथ बदलायला लागली.

राहिली एक सही. थोममावशीची. बादलीच्या प्रकारापासून ती माझ्याशी बोलत नव्हती.

रविवारी पहाटे साडेपाचला मी गल्लीच्या तोंडाशी, गुलमोहराच्या खोडामागे उभा होतो. मावशीची शेगडी पेटली होती, स्टुलं मांडून झाली होती, गिऱ्हाईक एकही नव्हतं. दुसरं कुणी आधी आलं तर माझा फॉर्म गेला, गल्ली गेली, आणि मावशी हनोईला गेली. मी पुढे झालो तर तिचा रविवार गेला. आठवड्यातला तोच एक दिवस तिला जरा बरा जायचा. तीस वर्षांत इतका अवघड कागद माझ्या टेबलावर आला नव्हता. मी दहा मिनिटं उभा राहिलो, पंधरा मिनिटं उभा राहिलो, आणि मग ठरवलं की घरी जायचं. तिला निदान एक रविवार तरी नीट मिळू दे. बाकी साठ नंबरवाल्यांचं नशीब.

"ए लोय," मावशी रस्सा ढवळत म्हणाली. मान वर केली नव्हती. "त्या झाडामागे तुझं पोट मावत नाहीये."

"मी आपला सहज, मावशी..."

"पहाटे साडेपाचला झाडामागे कुणी सहज उभं राहत नाही. ये इकडे."

"नको मावशी. तुमची बोहणी..."

"ऐक!" तिने डाव पातेल्याच्या काठावर आपटला. "हा रस्सा मी त्रेचाळीस वर्षं उकळतेय. सगळं कूपनावर मिळायचं तेव्हा दार लावून चोरून उकळला. वादळात छप्पर उडालं, तेव्हा डोक्यावर टोपली धरून उकळला. आता तुझ्यासारख्या एका माणसाचा पाय पडून तो नासणार असेल, तर तो नकाशात यायच्या लायकीचाच नाही. बस."

कोणता पाय आधी टाकावा म्हणून मी जरा थबकलो.

"पाय काय मोजतोस? बस म्हटलं ना!"

मी बसलो. वही खिशातून काढली नाही. एकही प्रश्न विचारला नाही. मावशीने वाडगा पुढे केला. लालसर, चिवट शेवया, त्यांवर खेकड्याचा जाड थर, पानात गुंडाळून तळलेलं मांस, हिरवी भाजी, कुरकुरीत कांदा. मी पहिला घोट घेतला आणि लाज वाटली. या माणसांत एकतीस वर्षं राहून मी याचे दोन चमचे चाखून उठलो होतो! लसूण, लाल बनियन, कलम चार, सगळं विसरून मी खात गेलो. शेवटी वाडगा तोंडाला लावला. आपण या गावचे आहोत याचा एवढा अभिमान मला बंदरातून निवृत्त होताना सोन्याचं घड्याळ मिळालं तेव्हासुद्धा वाटला नव्हता.

फॉर्ममध्ये मताची जागा पानभर होती. मी लिहिलं, 'वाडगा रिकामा.' वेळ घातली, पाच वाजून बावन्न मिनिटं. मावशीने ओल्या हाताने सही केली.

मग मी समोर चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. घरी जाववेना. सहा वाजले, सात वाजले. इनमीन चार गिऱ्हाइकं. आठला एक माणूस आला, त्याने भाव विचारला, पातेल्यात डोकावला आणि निघून गेला. मी चहाचा तिसरा पेला तसाच ठेवला. मावशीच्या शेजारी वर्तमानपत्र होतं. तिने ते उचललं नाही, पण मी त्याच्यावरची नजर काढू शकलो नाही.

पावणेनऊला स्टेशनकडून बारा-तेरा माणसांचा घोळका आला. बोलण्यावरून हनोईचे, चालण्यावरून भुकेले. त्यांच्यातल्या एका बाईने मला विचारलं, "काका, साठ नंबरची गल्ली कुठे हो?"

देव असतो, तो असा.

"साठ नंबर? पुढच्या चौकातून उजवीकडे," मी उभा राहून म्हणालो. खोटी माहिती मी देत नाही. "पण आधी इथे एक वाडगा खा. त्यानंतरही तिकडे जावंसं वाटलं, तर मी स्वतः तुम्हाला नेऊन सोडतो."

फळीवरून एकेकाला हात धरून मीच पलीकडे नेलं. साठ नंबरला सोडायला कुणी सांगितलं नाही. त्यांनी फोन करून आणखी दोन घोळके बोलावले. स्टुलं संपली तशी माणसं वीट टाकून बसली, पाइपावर बसली. सव्वादहाला मावशीचा डाव पातेल्याच्या तळाला लागला आणि तो खरखर आवाज मी चहाच्या टपरीवरून स्पष्ट ऐकला.

मी जवळ गेलो. मावशी पातेलं पालथं घालत होती.

"आज रविवार आहे," ती म्हणाली. "रविवारी गर्दी होतेच. पायगुण-बियगुण डोक्यात घेऊ नकोस."

"नाही, मावशी."

"उद्या सोमवार."

"हो."

"सोमवारी फार मंदी असते." तिने पदराशी चाळा करावा तसा हातातला फडका पिळला. "साडेपाचला ये. स्टूल ठेवते."

सोमवारी पाच-पंचविसालाच गेलो, आणि तिथून थेट वॉर्ड ऑफिसला. क्वेनने सहा फॉर्म कौतुकाने बाजूला ठेवले आणि सातव्यावर बोट ठेवलं. "काका, मत फारच त्रोटक आहे. किमान पन्नास शब्द हवेत." मी म्हटलं, पन्नास शब्द हवे असतील तर स्वतः येऊन खा. ती दुपारच्या सुट्टीत आली, खाल्लं, आणि शिक्का मारून गेली. आज स्टेशनवरच्या नकाशात आमची गल्ली आहे आणि तिच्या तोंडाशी थोममावशीचं नाव आहे. हनोईच्या मुलीचा फोन अजून येतो. "वेळ नाही गं," म्हणून मावशी ठेवून देते.

परवा मी बोहणीचा वाडगा संपवून उठत होतो, तेव्हा ती म्हणाली, "लोय, नववर्षाला माझ्या घरी पहिलं पाऊल तू टाक."

"मावशी, अजून आठ महिने आहेत!"

"मग? चांगल्या पायाच्या माणसाला आधी सांगून ठेवावं लागतं. मागाहून मिळत नाही."

घरी येऊन मी हे हिएनला सांगितलं. अगदी सहज, चप्पल काढता काढता. ती भाजी निवडायची थांबली.

"मावशीकडे जायच्या आधी," ती म्हणाली, "आपल्या घरात पहिलं पाऊल तुम्हीच टाकाल का? भाचीला मी अजून काही सांगितलेलं नाही."

एकतीस वर्षं मी या दाराच्या आत बसून बारा वाजवले होते. ओठांवर 'हो' आलंच होतं. पण माणसाने आपली किंमत ओळखून राहावं.

"वही बघून सांगतो," मी म्हणालो.